पट्टीकाकांचा आकडा

हसायचं तर खुशाल हसा, पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. तो फोन मीच उचलला होता.

मागच्या उन्हाळ्यातला शनिवार. दुपारचे दोन. शाळेत पाणी नाही म्हणून अर्ध्या दिवसाची सुट्टी, आणि मी आईच्या ऑफिसात. आई राज्याच्या पाणी नियंत्रण कक्षात इंजिनीअर आहे. कुठल्या धरणातून कुठल्या शहराला किती पाणी सोडायचं, ते तिथे ठरतं.

तीन आठवडे तिला धड झोप नव्हती.

"चारला मोठ्या धरणातून कालव्यात पाणी सोडायचा आदेश काढायचाय," ती म्हणाली. "पातळीचा आकडा चुकून जास्त पाणी गेलं, तर धरणाच्या काठावरची दोन शहरं पावसापर्यंत कोरडी. दहा मिनिटं डोळा लागू दे गं. फोन आला तर लिहून घे."

"घोरू नकोस म्हणजे झालं!"

तिच्यात हसायचंही त्राण नव्हतं.

फोन वाजला.

"मोठं धरण," एक म्हातारा आवाज. "ताईंची लेक ना तू? थांब हं, खाली उतरून पाण्याची पट्टी बघून सांगतो."

मग पायऱ्यांवर चपला... फट... फट...

खाली... अजून खाली...

मी मोजत होते. साठ. ऐंशी. शंभरनंतर नाद सोडला.

पाण्याचा आवाज नाही. वाऱ्याचा नाही. एवढं उतरून त्यांना धापही नाही...

"चार मीटर. चारच. दमलो गं बाई."

फोन बंद.

आईनं उठून माझा कागद पाहिला. "चार? पातळी मोजणारं यंत्र तर अकरा दाखवतंय. आणि फोन कुणाचा? पातळी सांगायला तिथून आता फोन येतच नाही. पूर्वी धरणावरची पट्टी वाचणारे पट्टीकाका करायचे. ते वारले, म्हणून तर यंत्र बसवलं."

"मला 'ताईंची लेक' म्हणाले. चपला फटफट वाजत होत्या."



आईनं धरणावरच्या इंजिनीअरला मोबाइल लावून पट्टी बघायला सांगितलं.

"मॅडम, यंत्र आहे की! या उन्हात कशाला उतरायला लावताय?"

"उतरा."

पावणेचार वाजले. आदेश टेबलावर, सहीपुरता बाकी.

"मॅडम..." तो धापा टाकत होता. "यंत्र गाळात रुतून अकरावरच अडकलंय. पट्टीवर चारच मीटर आहे."

आईनं आदेश फाडला. दोन्ही शहरांनी चार दिवसांआड पाणी घेत पाऊस गाठला.

यंदा धरणाचं पाणी पुन्हा उतरायला लागलं, तसे फोनही सुरू झाले. रोज दोनला. टेलिफोनवाले म्हणतात, पट्टीकाकांची ती लाइन कधीच काढून टाकलीय.

आता आई स्वतः उचलते. "जेवलात का काका?" असं विचारतेसुद्धा! पहिल्यांदा मला हसू आलं होतं.

परवा तिनं विचारलं, "काका, यंदा किती दिवस पुरेल?"

ती खूप वेळ ऐकत राहिली...

"काय म्हणाले गं?"

"चल घरी."

घरी आल्या आल्या तिनं बादल्या भरल्या. मग पातेली. मग पेले...

मग वाट्या.

मीही एकेक वाटी नळाखाली धरत गेले.