तांब्याचा वायसर

खरं प्रेम कुठलीही चढण चढून जातं, असं बरंच लिहिलं गेलंय. लिहिणाऱ्यांनी मागे कुंड्या भरून डोंगर चढलेला नसावा. रोपवालीची जुनी पिकअप तिसऱ्या वळणावर हमखास धापा टाकायची. त्या दिवशी ती तिथेच उभी राहिली, आणि बारीक पावसात भिजत मोटरसायकलवरून डोंगर उतरणारा मिस्त्री थांबला.

बोनेटमध्ये बराच वेळ डोकं घालून तो म्हणाला, "बिघाड काही नाही. वय झालंय."

"कुणाचं?" तिने विचारलं, आणि भुवई अशी काही उचलली की अडतिशीच्या मिस्त्रीने नकळत पोट आत घेतलं.

डोंगरावर तिने जमीन घेतली होती, रोपवाटिका तिकडे हलवायची होती. वडिलांची गाडी मात्र विकायची नव्हती. "मोठं इंजिन बसेल?"

"बसवलं तर बसेल."

म्हणजे गाडी चढली की ही जाणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून आठ दिवसांचं काम त्याने पाच आठवडे पुरवलं. इंजिनानेही साथ दिली. भंगारातल्या ट्रकचं ते धूड जागेवर ठेवलं, तर पंखा रेडिएटरला घासला. रेडिएटर पुढे सरकवला, तर खालची भोकं जुळेनात. ती रोज चार वाजता चहाचा थर्मास घेऊन यायची आणि पालथ्या बादलीवर बसायची.

"आज काय जुळत नाही?"

"गिअरबॉक्स."

"कुणाशी?"

"इंजिनाशी."

"बिचारा..."

समोर कुणी बसलं की शिकवायची त्याला खोडच होती. गाडीखाली दोघं शेजारी शेजारी पाठीवर पडून – ऑइल कसं सोडायचं, खालच्या बोल्टची गळती थांबवणारा तांब्याचा वायसर दर वेळी नवाच का घालायचा... तिच्या केसांना ओल्या मातीचा वास यायचा, आणि हा वायसरवर बोलत राहायचा. एकदा तिच्या नाकावर ग्रीसचा ठिपका लागला. पुसायला त्याने हात उचलला, पण हात ठिपक्याहून काळा होता. त्याने चिंधी दिली.

गॅरेजच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्याच्या ताईला खिडकीतून सगळं दिसायचं. "अरे, पाच आठवड्यांत लोकांची लग्नं ठरून मोडतात. तू काय ठरवलंस?"

"रेडिएटरचा पाइप."

"बरं केलंस. म्हातारपणी तोच बघेल तुला."

शेवटी न जुळण्यासारखं काही उरलंच नाही. दोघांना घेऊन गाडीने तिसरं वळण असं घेतलं, जणू ते कधी अवघड नव्हतंच. माथ्यावर तिने गाडी थांबवली. वारा होता. काचेवरचे थेंब तिरके पळत होते.

"आता हजार किलोमीटर सावकाश चालवा," तो म्हणाला. "मग ऑइल बदलायचं."

"त्यासाठी यावं लागेल..." ती हॉर्नवरची नसलेली धूळ पुसत होती. "तुमच्याकडेच बदललेलं बरं, नाही का?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं. पण गिऱ्हाइकाला विनाकारण खेप घालायला लावायची नाही, हे मिस्त्रीचं पंधरा वर्षांचं व्रत.

"छे, एवढा डोंगर उतरून कशाला? तुम्हाला जमतं की आता."

तिने किल्ली फिरवली. "जमतं," ती म्हणाली.

नंतर चार वाजता गॅरेजमध्ये फक्त चार वाजायचे. बादली त्याने सरळ केली नाही. एक तांब्याचा वायसर मात्र शर्टाच्या खिशात ठेवला, आणि एक वाक्य पाठ केलं – मीच वर येतो, ऑइल निमित्त आहे.

सातव्या आठवड्यात फोन आला.

"मिस्त्री, हजार झाले."

"मग... मीच वर –"

"बदललं पण. आज सकाळी."

तिकडे कुठेतरी रोपांवर पाणी पडत होतं.

"तुम्ही काही म्हणत होतात," ती हळूच म्हणाली.

मिस्त्रीने खिसा चाचपला. "वायसर नवा घातलात ना?"

"घातला."

"गळत नाही ना?"

"थांबा... बघून येते."

तिची पावलं चिखलातून लांब गेली, रेंगाळली, सावकाश परत आली. तेवढ्यात त्याने ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

थेंबही गळत नव्हता.