थिजलेलं तेल आणि मावशीची बदकं

जहाजाचं इंधन थंड समुद्रात सांडलं तरी परत उपसता येतं, हे सिद्ध करायला सिग्नीची मासेमारी बोट एप्रिलातल्या एका सकाळी नॉर्वेच्या किनाऱ्यावरून निघाली. त्यासाठी आधी ते सांडणं भाग होतं. त्याचा रीतसर परवाना होता. बोटीवर पाच पिंपं तेल, एक तरंगता बांध आणि फिरत्या ब्रशांचं यंत्र होतं. दक्षिणेतल्या एका ऊबदार हॉलमध्ये हे यंत्र सगळ्या परीक्षांत पहिलं आलं होतं, असं इंजिनिअर व्हेगार्डने वाटेत तीनदा सांगितलं.

बांध गोल पसरून तेल आत ओतलं. पाणी चार अंशांवर होतं. घटकाभरात तेल तुपासारखं थिजलं. ब्रश इमानाने फिरत राहिले आणि काळे गोळे त्यांना खांदा घासून पुढे जात राहिले.

"जरा गरम व्हायला हवं," व्हेगार्ड म्हणाला.

"कोण, समुद्र?" सिग्नीच्या दिराने, आर्न्टने, विचारलं.

दुपारपर्यंत हेच चाललं. मग वारा फिरला. एक लाट आली आणि बांधाचा दोर तुटला! गोळे त्या फटीतून रांगेने जवळच्याच बेटाकडे, सिग्नीच्या ओद्नी मावशीच्या बेटाकडे निघाले.

सिग्नीने बोट त्यांच्या मागे वळवली. मावशीने हिवाळाभर खपून फळकुटांची घरटी बांधली होती, आत वाळलेलं समुद्रशेवाळ अंथरलं होतं. घरट्यात मऊ पिसं सोडून जाणारी रानटी आयडर बदकं किनाऱ्यापाशी येऊन थांबली होती. आज-उद्या वर चढणार होती. या दिवसांत त्या बेटाजवळ कुणी हातोडा मारत नाही, इंजिन लावत नाही. बदकं बिचकली तर मावशीच्या हयातीत परतायची नाहीत. तेल माखलं तर परतायचा प्रश्नच नाही.

बेट हाकेच्या टप्प्यात येण्याआधीच सिग्नीने नांगर टाकून इंजिन बंद केलं. त्याच्यावर चालणारं यंत्रही थांबलं.

"अर्धा तास द्या हो! मी अडवतो गोळे," व्हेगार्ड म्हणाला.

"सकाळपासून किती अडवलेत?" सिग्नीने त्याच्या हातात मासे उचलायचं दांड्याचं जाळं दिलं. "उतरा."

तिघं छोट्या होडीत बसले. सिग्नी वल्हवत होती, बाकीचे दोघे गोळे उपसून पोत्यात टाकत होते. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, ते जास्त वाईट होतं. खडकांपाशी पाणी उसळलं. होडी आपटली. वल्हं मोडलं! व्हेगार्ड कंबरेपर्यंत पाण्यात गेला. जाळं मात्र त्याने सोडलं नाही. आर्न्टने त्याला कॉलरला धरून आत ओढलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारायचा राहिला.

दिवस कलता कलता शेवटचा गोळा पोत्यात पडला. तिघं खडकावर चढून कोसळले. वरच्या बाजूला उभ्या मावशीने फक्त ओठांवर बोट ठेवलं.

बदकं वर चढत होती.

हलायची सोय उरली नाही. व्हेगार्डच्या पायात गोळे आले, दात वाजायला लागले. आर्न्टने स्वतःची टोपी काढून त्याच्या तोंडात कोंबली. बऱ्याच वेळाने ती बाजूला करून व्हेगार्ड कुजबुजला, "अहवालात यंत्राबद्दल काय लिहू?"

"लिहा, चालत नाही," सिग्नी पुटपुटली. "पण बंद असताना कुणाला त्रास देत नाही."

एक तपकिरी मादी त्यांच्या बुटांवरून बिनदिक्कत चालत गेली, घरट्यात डोकावली, शेवाळ दोनदा चोचीने सारखं केलं आणि बसली.