चष्म्याच्या दुकानामागचे सोळा फूट

नकाशात दुकान तीस फूट खोल होतं. माझ्या टेपनं चौदाच भरले.

चष्म्याचं दुकान होतं ते. मी अग्निशमन खात्यातली तपासनीस. सिलिंडरची तारीख बघायची, दारं मोजायची, सही करून निघायचं, एवढंच माझं काम. पण सोळा फूट गायब म्हटल्यावर मला चैन पडेना. गल्ल्यावरची बाई म्हणाली, “आमच्या भिंती जाड आहेत.” इतकी जाड भिंत किल्ल्यालाही नसते. मी मागच्या उंच आरशाला हात लावला, आणि आरसा आत गेला.

आत बार होता. पिवळे दिवे, सहा टेबलं, बाटल्यांची छतापर्यंत मांडणी. एक माणूस मान खाली घालून संत्र्याची साल काढत होता.

“सात वाजता उघडतं,” तो म्हणाला.

“मी प्यायला नाही, तपासायला आले आहे.”

आता त्यानं वर पाहिलं. “मग बसा ना. उभ्यानं कसली तपासणी?”

“उभ्यानंच होते. दुसरं दार कुठे आहे?”

“लोकांना पहिलंच सापडत नाही... आणि तुम्ही दुसरं मागताय?”

मला हसू आलं. तपासणीत हसायचं नसतं, म्हणून मी टेप गुंडाळत राहिले. मागचं दार मांडणीमागे अडकलंय, असं त्याचं म्हणणं. गल्ल्यावरची बाई त्याची थोरली बहीण. दुकान तिचं, बार याचा. “पंधरा दिवस द्या,” तो म्हणाला, “सुतार बोलावतो.” नियमानं लेखी नोटीस द्यायची असते. मी तोंडी पंधरा दिवस दिले. का दिले, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. उगाच साळसूदपणा नको.

“तुम्ही हे शहर नुसते सिलिंडर बघत फिरलात,” तो दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला. “खरं शहर मी दाखवतो.”

आणि दाखवले त्यानं, असेच लपलेले बार! एका लाँड्रीत पावती दिली की टांगलेल्या कोटांमधून वाट निघायची. एका लिफ्टला एक बटण जास्त होतं, त्यावर आकडा नव्हता. एका फुलवाल्याच्या थंड खोलीत, बादल्यांच्या मागे, चार खुर्च्या आणि एक म्हातारा बारवाला. सगळीकडे याला घरच्यासारखं ओळखत. मी पीत नाही. माझ्यासाठी तो आलं, मध आणि लिंबाचं काहीतरी बनवायला सांगायचा आणि पहिला घोट मी घेईपर्यंत स्वतःच्या ग्लासाला हात लावायचा नाही. तिसऱ्या बारमध्ये ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. आधी कोणी म्हटलं ते आठवत नाही.

“आत आलीस की तू आधी पळायचा रस्ता शोधतेस,” तो चिडवायचा.

“आणि तू काय बघतोस?”

“तू पळत तर नाहीस ना... तेवढंच.”

फुलवाल्याकडे त्यानं काडी पेटवून तिच्यावर संत्र्याची साल पिळली. भुर्रकन ज्वाळ उठली. मी मागे घेतलेला हात त्यानं धरला.

“माझा हात आगीपाशी धरतोस?”

“हात धरायला काहीतरी निमित्त लागतं...” तो म्हणाला. ज्वाळ केव्हाच विझली होती, हात तसाच राहिला. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी त्याचा फोन आला. “दार झालं. फोटो पाठवतो.” फोटोत गडद हिरवं दार होतं, पितळी मूठ, वर ‘बाहेर’ लिहिलेला दिवा. जाऊन बघायला वीस मिनिटं लागली असती. आठ वर्षांच्या नोकरीत न बघता मी सुरक्षिततेच्या दाखल्यावर एकही सही केली नव्हती. ही केली. त्याच्यावर विश्वास ठेवायला मला आवडत होतं, दुसरं कारण नाही.

महिन्याभरानं तो म्हणाला, “ताई विचारतेय, लग्नाचं काय ठरलं तुमचं?”

“शनिवारी सांगते.”

शनिवारी मी नवे कानातले घालून गेले. हो म्हणायलाच गेले होते. बार खच्चून भरला होता. सवयीनं मोजली, चौतीस माणसं. मला बघून तो हातातलं काम टाकून आला.

“काय ठरलं?”

“इथे ओरडून सांगू का? बाहेर चल,” मी म्हणाले आणि हिरव्या दाराची मूठ धरली.

“तिकडून नको—”

दार उघडलं. पलीकडे विटा होत्या. हात पूर्ण लांबवायलाही जागा नव्हती.

“शेजाऱ्यानं बाहेरून बुजवलंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “किती दिवस मी त्याच्या मागे लागलोय. तोवर... फक्त फोटोपुरतं केलं होतं.”

“आत चौतीस माणसं आहेत.”

“रोजच असतात. आजवर काही झालंय का?”

हे वाक्य मला दर आठवड्याला कोणी ना कोणी ऐकवतं. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

“मोठे दिवे लाव,” मी म्हणाले. “सगळ्यांना बाहेर काढ.”

एकेक जण कुरकुरत आरशातून बाहेर पडला. ताई दुकानात उभी राहून त्यांच्या हातातले ग्लास काढून घेत होती. बार रिकामा झाल्यावर मी टेबलापाशी बसले आणि नोटीस लिहायला घेतली. चुकीचा दाखला कोणी दिला, या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.

“यात तूही अडकशील,” तो म्हणाला.

“हो.”

“मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही. हे एक सोडून.”

“मला दुसरं काही येत नाही रे, दारंच बघता येतात. नेमकं तिथेच फसवलंस.”

तो समोर बसला. त्याच्या बोटांना संत्र्याचा वास येत होता. मला रडू येत होतं आणि रागही, आणि अक्षर बिघडू द्यायचं नव्हतं.

“माझ्यावर प्रेम आहे का तुझं?”

“आहे.” मी पहिल्यांदाच म्हणत होते.

“मग फाड तो कागद.”

मी सही केली. त्याची प्रत त्याच्यापुढे ठेवली. त्यानं हात लावला नाही, उठून काउंटरमागे गेला. ताईनं ती उचलली, शेवटपर्यंत वाचली आणि घडी घातली.

“बरोबर लिहिलंस,” ती मला म्हणाली. “पण आता इथे येऊ नकोस. माझा भाऊ आहे तो.”

मी पर्स उचलली, टेप आत टाकला, पुन्हा काढून नीट ठेवला. तेवढ्या वेळात त्यानं एकदा तरी थांब म्हणावं, असं वाटत होतं. तो काउंटर पुसत राहिला.