सहावी पुरवणी

सत्यजीत त्या रात्री फक्त उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणायला शाळेत गेला होता.

देवेश, तो मोबाइलचा उजेड बंद कर, डोळ्यांवर येतो. वीज येईपर्यंत गच्चीवर बसायचं ठरलंय आणि गोष्ट तू आणि प्राचीनेच मागितलीत. हसू नकोस, माझ्या गोष्टीतलं भूत प्रमेय सिद्ध करत नाही. एकेचाळीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, पण ही गोष्ट सांगताना मला एकाही पायरीची खात्री नसते.

सत्यजीत माझा जुना विद्यार्थी. पनवेलच्या एका सरकारी शाळेत आठवीला गणित शिकवतो. शाळेचं नाव सांगत नाही. देवेश, तुझ्या वेळी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नसत, तू सुटलास. आता करतात. जूनमध्ये फेरपरीक्षा असते, तीतही गेलं तर पुन्हा त्याच वर्गात बसायचं. सत्यजीतच्या वर्गातली नऊ मुलं गणितात गेली होती. त्यांत प्रांजल होती. साठांपैकी अठरा. पास व्हायला एकवीस लागतात.

खाडीलगतच्या वस्तीतली मुलगी. वडील काशिराम खाडीत जाळी लावतात. ते शाळेत येऊन शांतपणे सांगून गेले होते, "सर, पास झाली तर ठेवतो शालंत. नाय तर तिची आत्या कोलंबी सोलायला जातं, तिच्यासंगं धाडतो." सत्यजीतने अख्खा मे महिना तिला शिकवलं. ती रोज चालत यायची. अक्षर मोठं, एका गणिताला एक पान. तो तिला चिडवायचा, तुझ्यासाठी पुरवण्यांचा वेगळा ट्रक मागवावा लागेल. ती हसायची नाही. तीन गुण, सर, एवढंच म्हणायची.

गणिताची फेरपरीक्षा शुक्रवारी, वीस जूनला, दुपारी एक वाजता होती. सत्यजीतने स्वतः फळ्यावर तसं लिहिलं होतं. पण आदल्या संध्याकाळी वेळ बदलून सकाळी साडेसात केली, कारण अकरा ते दोन शाळेत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण. वर्ग रिकामे हवे होते. सत्यजीतने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप टाकला, आणि प्रांजलच्या घरी तर वेगळासुद्धा पाठवला. त्या वेगळ्या निरोपापुढे एकच टिक आली. काशिराम खाडीवर जाताना फोन बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात, हे त्याला माहीत होतं. झोपताना त्याने पुन्हा पाहिलं. एकच टिक. वस्ती स्कूटरवरून पंधरा मिनिटांवर. तो गेला नाही. सकाळी बघू, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं.

सकाळी आठच मुलं आली.

निकाल पोर्टलवर भरायची मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती. संध्याकाळभर तो काशिरामना फोन लावत होता, फोन बंदच. शेवटी आठ मुलांचे पेपर तपासायला गठ्ठा आणावा म्हणून तो निघाला. नऊ चाळीसला शाळेचं फाटक उघडलं. पाऊस पडून गेला होता. आठवीच्या वर्गात दिवा लावला, आणि तिसऱ्या बाकावर प्रांजल बसलेली होती.

गणवेश, दोन वेण्या, पुढ्यात पॅड, पारदर्शक पाऊच. केसांतून पाणी गळत होतं.

मी त्याला विचारलं, तू घाबरला नाहीस? तो म्हणाला, सर, मला बरं वाटलं. आली एकदाची, एवढंच वाटलं. तो तिला रागावला. सकाळी कुठे होतीस, म्हणाला.

"पेपर एक वाजता हाय ना, सर. फळ्यावर तुमीच लिवलंव."

त्याने मागे वळून पाहिलं. फळ्यावर तसंच होतं. त्याने ते पुसलंच नव्हतं.

मग ती म्हणाली, "आता दिला तर चालंल?"

नियमाने चालणार नव्हतं. बारा वाजता तिच्या नावापुढे गैरहजर पडलं की सोमवारी ती कोलंबीच्या शेडमध्ये. त्याने घड्याळ पाहिलं. कपाट उघडलं. प्रश्नपत्रिका दिली, उत्तरपत्रिका दिली, पर्यवेक्षकाच्या जागी सही केली. नऊ पन्नास.

ती लिहू लागली. मान वर नाही. तो टेबलाशी बसून बाकीच्यांचे पेपर तपासू लागला. पेनाचा आवाज येत होता, एवढं त्याला पक्कं आठवतं.

"सर, पुरवणी."

त्याने सही करून दिली. बाक ओला होता. तिच्या हाताला हात लागला नाही.

"सर, पुरवणी."

दुसरी. मग तिसरी. साठ गुणांच्या पेपरला इतकी पानं लागत नाहीत... पण अक्षर मोठं आहे, तो मनाशी म्हणाला. चौथी दिली तेव्हा दहा वीस झाले होते.

पाचवी.

तिने लिहिलेलं बघायला तो वाकला नाही. का नाही, ते त्याला सांगता येत नाही.

मग ती म्हणाली, "सर... दोरा."

पुरवण्या बांधायला दोरा. तो कपाटाकडे गेला. पाठ तिच्याकडे. तेव्हा फोन वाजला. मुख्याध्यापिका होत्या. त्या रडत होत्या. प्रांजल... दुपारी शाळेतून परत जाताना... कंटेनरचा ट्रेलर. संध्याकाळी सातला दवाखान्यातच ती वारली.

सत्यजीत वळला नाही.

पेनाचा आवाज थांबला होता.

किती वेळ, माहीत नाही. मग तो वळला. बाक रिकामा. बाकावर पाणी. उत्तरपत्रिका आणि पुरवण्या नीट एकावर एक ठेवलेल्या. त्याने उचलल्या. सगळ्या कोऱ्या. फक्त त्याच्या सह्या.

थांब प्राची, उठू नकोस. झालीच.

लोक म्हणतील, अपराधाच्या भावनेने माणसाला भास होतात, बसला असेल कोऱ्या कागदांवर सह्या करत. मीही त्याला तेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. मी त्याला पाणी दिलं, समजावलं. तो ऐकत राहिला. मग त्याने मला विचारलं, "सर, काल ती शाळेत कधी आली, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत होतं.

त्या सत्काराचा पाहुणा मी होतो. माझ्या सोयीसाठी तो अकराला ठेवला होता, संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत घरी जाता यावं म्हणून. ती साडेबाराला आली. फाटकावरच्या माणसाने तिला म्हणे सांगितलं, तुमचा पेपर सकाळीच झाला, आता पाहुण्यांचं भाषण चालू आहे, आत जायचं नाही. फाटक मंचासमोरच होतं. गजांपलीकडे एक मुलगी उभी होती. छातीशी पॅड धरलेलं. तिने हात वर केला होता... वर्गात काही मागायचं असलं की करतात तसा. मी पाहिलं. मी बोलत होतो. अपयशाला घाबरू नका, असं काहीतरी. मला वाटलं, कुणीतरी बघेल तिच्याकडे. वाक्य पुरं केलं आणि पुन्हा पाहिलं तेव्हा ती नव्हती. मनगटावरच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते.

मी हे सत्यजीतला सांगितलं. त्याने पिशवीतून पुरवण्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"मी पाच दिल्या, सर. मोजून पाच."

त्या सहा होत्या.

सहावी अजून माझ्याकडे आहे. कपाटात, माझ्या पदव्यांच्या खाली. कोरीच आहे. त्या दिवशी शाळेत मी फक्त अभिप्रायाच्या वहीत सही केली होती, दुसरीकडे कुठेही नाही. हे मी कितीतरी वेळा आठवून पाहिलंय. पण सहाव्या पुरवणीवर, पर्यवेक्षकाच्या जागी, तारीख वीस जून, वेळ बारा चाळीस... आणि खाली माझी सही आहे.