साधं दुखणं

करुणा मेश्राम सहलीची पिशवी भरत होती. पोळ्या, झुणका, लसणाची चटणी, संत्री. सवयीने तिने गरम पाण्याची रबरी पिशवी आणि दुखण्याच्या गोळ्यांचा डबाही आत ठेवला. नवऱ्याने, धनपालने, दोन्ही वस्तू काढून कपाटावर ठेवल्या.

"राहू दे नं," ती म्हणाली.

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या? आता श्रावस्ती चारचौघींसारखी पोरगी आहे."

दहा वर्षांच्या श्रावस्तीला जन्मापासून सिकलसेल होता. शरीराला प्राणवायू कमी पडला, की तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत, बारीक रक्तवाहिन्यांत अडकत आणि हाडांतून कळा निघत. त्यामुळे लांब चालणं तिला ठाऊकच नव्हतं. थोरली लेक यशोधरा याच आजाराने गेली. ती गेल्यावर काही महिन्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात जनुक-दुरुस्ती सुरू झाली. सलाईनमधून सोडलेले अतिसूक्ष्म कण अस्थिमज्जेत पोचत आणि रक्त घडवणाऱ्या पेशींच्या जनुकातलं एक चुकलेलं अक्षर बदलत. पुढे तयार होणारं रक्त निरोगी. श्रावस्तीला ती सलाईन लागून आता वर्ष होत आलं होतं.

तलावाच्या काठाने वाट टेकडीकडे जात होती. हिवाळ्याचं ऊन कोवळं होतं. श्रावस्ती आणि धाकटा नालंद पळसाची पानं गोळा करत पुढे धावत होते. करुणा दर वळणावर हाक मारायची, "हळू गं!" पोरगी ऐकत नव्हती.

माथ्यावर पोचल्यावर श्रावस्ती एकदम खाली बसली. पोटऱ्या दाबत म्हणाली, "आई, पाय दुखतात."

करुणाच्या हातातली पिशवी सुटली. संत्री उतारावरून घरंगळली. ती लेकीजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिने तेच जुने प्रश्न विचारले, जे तिने दोन मुलींना वर्षानुवर्षं विचारले होते. "किती दुखतं? छातीत भरून येतं का? धनपाल, गाडी बोलव!"

"थांब नं आई." श्रावस्तीने डोळे मिटून पोटऱ्या चाचपल्या. "आतून टोचत नाही. नुसते जड झालेत. असं मला कधी झालंच नाही."

"माझे पण जड झाले," नालंद म्हणाला.

धनपाल लेकीशेजारी टेकला. "दमलीस तू, बाळा. याला दमणं म्हणतात."

करुणा लेकीच्या पोटऱ्या चोळत राहिली आणि रडू लागली. कुणी तिला थांबवलं नाही.

जेवणं झाली. नालंद बापाच्या मांडीवर झोपला. श्रावस्तीने विचारलं, "बाबा, डॉक्टरबाई म्हणाल्या, माझं रक्त बदललं, पण माझ्या मुलांना हे जाऊ शकतं. खरं आहे?"

"दुरुस्ती फक्त मज्जेत झाली. पुढच्या पिढीला जे जातं, ते होतं तसंच आहे. तुझ्याकडून एक चूक मुलांकडे जाईल. दुसरी त्यांच्या बापाकडून आली, तरच आजार होईल. म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त तपासायचं."

"तुम्ही तपासलं होतं?"

धनपालने करुणाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "आमच्यात एकेकच चूक होती. आम्हाला कधी काही दुखलं नाही. कळलंच नाही."

"आणि कळलं असतं तर?"

"तर घरच्यांनी दुसरी स्थळं पाहिली असती," करुणा म्हणाली.

खाली तलावावर बगळ्यांचा थवा उतरला. श्रावस्ती त्याच्याकडे पाहत होती, पण मन तिथे नव्हतं.

"म्हणजे ताई आलीच नसती. तिला एवढं दुखलंही नसतं," ती सावकाश म्हणाली. "मीही नसते. नालंदपण नसता." मग तिने आईकडे वळून पाहिलं. "आई, खरं सांग. तुम्ही तपासायला हवं होतं का गं?"