कोरडी नाके

बाराच्या बारा सशांची नाके कोरडी होती, आणि डॉ. उत्पला नाईकवडीला नेमके तेच खटकत होते.

प्रयोगशाळेच्या पडद्यावर गेल्या काही महिन्यांचा आलेख होता. बारा रंगांच्या बारा रेषा तळाशी एकमेकींना चिकटून सरळ धावत होत्या. जिवंत प्राण्याची कुठलीच रेषा इतकी सरळ धावत नाही.

"कुणी आजारी नाही म्हणून तोंड पाडून बसलेली डॉक्टर मी आजच बघतोय," दारातून भालचंद्र तांडेल म्हणाला. हा मूळचा वर्सोव्याचा कोळी. मंगळावरच्या या अरुणवस्तीत एकसष्ट माणसांना श्वास पुरवायचे काम त्याच्याकडे होते, आणि उत्पलाला तो पहिल्या दिवसापासून 'डॉक्टरबाय' म्हणायचा.

"तांडेल, ससा पाणी प्यायला की त्याचं नाक ओलं होतं. उकडलं की होतं, घाबरला की होतं. धडधाकट सशाचंसुद्धा अधूनमधून होतंच. मग हे ससे काय पाणीच पीत नाहीत?"

"सात वाजता पीत नसतील. तुझ्या यंत्राला घाबरून."

ती हसली नाही. तांडेलही मग आत येऊन स्टुलावर बसला.

लाव्हारसाने कोरलेल्या बोगद्यात वसलेल्या या वस्तीत ससे हौसेने आणलेले नव्हते. बाहेरची तांबडी धूळ पिठाहून बारीक आणि काचेसारखी धारदार होती. ती आत शिरली तर नाकातली नाजूक त्वचा चिरत जाई, व्रण घशातून फुप्फुसांत उतरत आणि फुप्फुसे दगडासारखी घट्ट होत. उत्पलानेच या आजाराला धूळव्रण हे नाव दिले होते. धूळ मोजणारी यंत्रे निरुपयोगी ठरली होती, कारण आठवडाभरात तीच धूळ त्यांच्या काचांवर बसून ती आंधळी होत. ससा मात्र आंधळा होत नसे. तो तोंडाने जवळजवळ श्वास घेऊच शकत नाही. जी हवा घ्यायची ती नाकाने, आणि मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा. पृथ्वीवर असताना उत्पलाने सहा वर्षे खपून दाखवून दिले होते, की धूळ आत आल्यावर सशाचे नाक पहिल्या दोन-तीन दिवसांतच वाहू लागते आणि माणसाचे त्यानंतर चाळीस दिवसांनी. त्या चाळीस दिवसांत गळती शोधून बुजवली, तर माणसाला काहीही होत नाही. माणसाचे नाक एकदा वाहू लागले, की मात्र हवा स्वच्छ करूनही व्रण पसरतच राहतात.

म्हणून बारा घरांत बारा ससे होते. रोज सकाळी सात वाजता घरच्यांनी सशाच्या नाकाला ओलमापक लावायचा, आकडा आपोआप प्रयोगशाळेत पोचे. सोबत उत्पलाने लिहिलेले एकपानी पत्रक प्रत्येक घरात चिकटवलेले होते: 'सशाचे नाक ओले दिसल्यास'. पाण्यासारखा पातळ ओलावा, थोडा वेळ, दोन्ही नाकपुड्यांना, आणि ससा खातोपितो आहे, तर काळजी नको. एकाच नाकपुडीतून येत असेल तर दातांची मुळे तपासावीत. पांढरा, दाट, चिकट स्राव, सोबत शिंका किंवा श्वासाचा घुर्र आवाज असेल, तर ताबडतोब कळवावे. सलग तीन दिवस ओलमापकाचा आकडा वर राहिला, तर ससा प्रयोगशाळेत आणावा.

प्रयोगशाळेत आणलेला ससा परत जात नसे. धूळ नाकाच्या आतल्या वळ्यांत बसते आणि ती पाहायची तर ससा उघडावा लागतो. आठ महिन्यांपूर्वी उत्पलाने तांडेलचा ससा, पापलेट, असाच उघडला होता. आत धुळीचा एक कणही नव्हता. पापलेटला आपले पाण्याच्या वाटीत नाक बुचकळून बसायची खोड होती.

आता ती पडद्याजवळ वाकली. रेषा कधीपासून सरळ झाल्या ते तिने बोटाने मागे मागे जात शोधले. पापलेटला उघडले त्याच आठवड्यापासून. वार्षिक अहवालात तिने याबद्दल लिहिलेले वाक्य तिला शब्दशः आठवले: 'मापनातील चढउतार लक्षणीय घटले असून पद्धत आता स्थिरावली आहे.' लिहिताना तिला बरे वाटले होते.

"तुझा नवा ससा, बोंबील, घरी आहे ना?" तिने विचारले.

"जाणार कुठं? बाहेर हवा नाही."

तांडेलच्या खोलीत बोंबील पिंजऱ्याबाहेरच होता. मंगळाच्या कमी ओढीमुळे त्याची प्रत्येक उडी कमरेइतकी उंच जाई आणि तो कापसासारखा सावकाश खाली येई. उत्पलाने त्याला हवेतच झेलले. नाक कोरडे होते, फार कोरडे. नाकपुडीच्या कडेची केसाळ त्वचा घासून घासून गुलाबी झाली होती. तिने त्याला उताणे धरले नाही, नुसते छातीशी घेतले आणि त्याचा पुढचा पंजा हलकेच बाहेर वळवला.

पंजाच्या आतल्या बाजूचे केस पेजेत बुडवून वाळवल्यासारखे कडक झाले होते. दुसऱ्याचेही तसेच.

"ससा नाक पुसतो," ती म्हणाली. "नाक गळायला लागलं की तो पुढच्या पंजांनी पुसतच राहतो. शिकार होणारा प्राणी आहे, आजारी दिसला की संपला. नाकावर काही ठेवत नाही. जे असतं ते इथं, पंजांवर सापडतं."

"हे तुझ्या पत्रकात नाही."

"होतं." तिने पंजा सोडून दिला. "पहिल्या पत्रकात होतं. ओलमापक आल्यावर मी ते वाक्य काढलं. पंजांचा आकडा येत नाही म्हणून."

तांडेलने बोंबीलला तिच्याकडून काढून घेतले. त्याच्या मानेवर हात फिरवत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "उरलेलं मी पुसतो. साडेसहाला, ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. पापलेट गेल्यापासून. सगळेच पुसतात, डॉक्टरबाय. तुला सांगायचं कुणी?"

उत्पला रागावली नाही. पाहुणे यायच्या आधी पोराचे नाक पुसणारी माणसे ही. त्यांना दुसरे काय सुचणार होते? तिने कात्रीने पंजाचे चार केस कापले आणि दोघे प्रयोगशाळेत परतले. सूक्ष्मदर्शकाखाली वाळलेल्या शेंबडात तांबूस, धारदार कण रोवलेले होते. हवेच्या गाळणीने अडवायलाच हवे होते, असे.

दुपारपर्यंत तांडेलला गळती सापडली. कोठाराच्या मागे, परतीच्या हवेच्या नळात, सांध्यातली रबरी चकती वाळून तडकली होती आणि धूळ गाळणीला चुकवून आत येत होती. दाबाची नोंदवही उलटून त्याने तारीख काढली.

"एकाहत्तर दिवस," तो म्हणाला.

"नक्की?"

"त्या दिवशी दाब केसभर उतरलाय. वादळ गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. चकती तासाभरात बदलतो."

"बदल."

तो हलला नाही. "एकाहत्तरातून चाळीस गेले, तर महिनाभरापूर्वीच आपली नाकं वाहायला हवी होती. रोज सकाळी जेवणघराच्या दारात तू माणसांना ओलमापक लावतेस की नाही? एकतरी ओलं निघालं?"

"एकही नाही."

"मग? तुझं चाळीसचं गणित पृथ्वीवरचं. इथं चुकलं असेल."

सहा वर्षांचे काम चुकीचे ठरावे, असे उत्पलाला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटले. "चुकलं असेल," ती म्हणाली. "आणि नसेल चुकलं, तर यान यायला चौदा महिने आहेत. धूळव्रण सहा-सात महिन्यांच्या पुढे जाऊ देत नाही."

"चुकलंय," तांडेल म्हणाला, आणि चकती बदलायला गेला.

उत्पला घरी आली तेव्हा तिची लेक जुई जमिनीवर पालथी पडून घरच्या सशाला, बत्ताशाला, कोथिंबिरीची काडी भरवत होती. जुई सात वर्षांची, याच वस्तीत जन्मलेली. तिचे बाबा मागच्या यानाने कामासाठी पृथ्वीवर गेले होते आणि पुढच्या यानाने परत येणार होते. उत्पला तिच्याशेजारी बसली आणि तिने बत्ताशाचा पंजा उलटून पाहिला. पाहायची तशी गरज नव्हती.

"त्याचं नाक तू पुसतेस?"

जुईने बत्ताशाला जवळ ओढले. "नाहीतर तू त्याला उघडशील."

"नाही उघडणार. आता कुणालाच नाही उघडायचं."

"शप्पथ?"

"शप्पथ."

जुईचा चेहरा सैल झाला. तिने स्वेटरच्या बाहीने स्वतःचे नाक सर्रकन पुसले, इतक्या सवयीने की तिलाही ते कळले नाही. उत्पलाने तिचा हात हातात घेतला आणि बाही हलकेच बाहेर वळवली. आतल्या बाजूची लोकर पेजेत बुडवून वाळवल्यासारखी कडक झाली होती.

"हे कधीपासून, बाळा?"

"गणपती विसर्जन केलं ना पाण्याच्या टाकीत, तेव्हापासून." एक महिना झाला होता. "मी रांगेत आपला नंबर यायच्या आधी पुसते. ओलं निघालं तर सर्दी पसरेल म्हणून एकवीस दिवस बंद खोलीत राहावं लागतं. एकटीला."

"कुणी शिकवलं तुला?"

"शिकवायचं काय त्यात? सगळेच पुसतात. तांडेलकाका तर शिंक आली की रांगेतून बाहेर जाऊन परत मागे उभे राहतात." आईला हे माहीत नसावे याचेच तिला नवल वाटले. "तुला नाही दिसत. तू तेव्हा खाली मान घालून आकडा बघत असतेस."

बत्ताशाने काडी संपवली आणि दोन्ही पंजे तोंडावरून फिरवले. ससा किती नीटनेटका प्राणी आहे, असे पाहणाऱ्याला वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणघराच्या दारात नेहमीची रांग लागली. हवा स्वच्छ होती. चकती बसली होती आणि नळातून येणारा वारा पहाटेइतका निर्मळ होता. कुणीतरी पोह्यांत लिंबू नाही म्हणून कुरकुरत होते. उत्पलाने आज मान खाली घातली नाही. एकेक जण पुढे येई, हनुवटी उचली, आणि ती ओलमापक नाकाशी धरून त्याच्या बाहीकडे पाही. शाळेच्या बाईंनी बाह्या दुमडल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या सुधीरदादांनी हात पाठीमागे बांधले होते. बाकीच्यांच्या बाह्या समोरच होत्या, आणि कडक. विलगीकरणाच्या खोलीत तीनच खाटा होत्या.

"कोरडं," ती प्रत्येकाला म्हणत होती. यंत्रही तेच म्हणत होते.

तांडेल आला. त्याने हनुवटी उचलली नाही. मनगटावरची कापडी पट्टी त्याने स्वतःच उलटून तिच्यासमोर धरली आणि पुन्हा सरळ केली.

"काय म्हणतंय यंत्र, डॉक्टरबाय?"

"कोरडं."

"मग पोहे खातो," तो म्हणाला आणि आत गेला.

रांगेच्या शेवटी जुई होती, बत्ताशाला काखोटीला मारून. ससा जेवणघरात आणायला बंदी होती. आज उत्पलाने ते चालवून घेतले. तिने जुईचे नाक मोजले, कोरडे म्हणाली, आणि शिरस्त्याप्रमाणे स्वतःचा आकडा घेण्यासाठी ओलमापक उलटा धरला.

"आई, थांब," जुई कुजबुजली. तिने बत्ताशाला खाली ठेवले, खिशातून त्याचे मऊ फडके काढले आणि टाचा उंच करून आईच्या नाकाखालून हळूच फिरवले. "तुझं राहिलं होतं पुसायचं."