तिसरा चढ

मष्णूनं मस्कतहून धाडलेलं खोकं खासबागेत पोचलं, तेव्हा त्यावर गावाचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं होतं. पोस्टमननं तिन्ही नावं मान्य करून ते परशरामच्या दारात ठेवलं. ज्या गावाचं नाव काय, आणि ते कुठल्या राज्यात, यावरच माणसं डोकी फोडून घेत होती, तिथं एवढा समजूतदारपणा १९८३ साली पोस्टातच काय तो उरला होता.

खोक्यात प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे होते, एकमेकांत खटकन बसणारे. लांब पट्ट्या होत्या, इवली चाकं होती. परशरामच्या या धाकट्या भावानं ते होणाऱ्या पुतण्यासाठी पाठवले होते. पुतण्या व्हायला अजून वेळ होता. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी घरात काही आणायचं नसतं, हे मस्कतला गेलं की माणूस विसरतो.

परशरामची बायको जया मधल्या खोलीत खाटेवर पडून होती. याआधी दोनदा, सातव्या महिन्याच्या सुमाराला, तिच्या पोटातलं हलायचं थांबलं होतं. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून परत येताना परशरामनं रिक्षा खडेबाजारात थांबवून वांगी घेतली होती, कारण घरात भाजी नव्हती. त्या वांग्यांचं भरीत झालं आणि दोघांनी ते खाल्लं.

या तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी जयाला उठायची बंदी केली होती. स्वयंपाकाला खानापूरकडच्या गावाहून परशरामची थोरली बहीण मनूआक्का आली होती. परशराम हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. मे महिन्याची सुट्टी होती. 'हललं काय?' असं दिवसभर बायकोला विचारत बसण्यापलीकडं त्याला काम नव्हतं, म्हणून त्यानं खोकं उघडलं.

"ते माळ्यावर टाक, परश्या," मनूआक्का म्हणाली. "आधी बाळ, मग खेळणं."

"प्लॅस्टिकला कसलं आधी आन मागं, आक्का?"

एका इंग्रजी मासिकात त्यानं परदेशातल्या जत्रेचा फोटो पाहिला होता. उंच खांबांवर रूळ, त्यावर धडधडत चढणारे-उतरणारे डबे, आणि डब्यांत पैसे मोजून किंचाळणारी माणसं. तसलं चालतं-फिरतं काहीतरी करायचं त्यानं ठरवलं. पुढच्या सोप्यात ठोकळ्यांचे खांब उभे राहिले. खांबांवर पट्ट्या आल्या. शेजारच्या मालुबाईच्या घरी माग होते. तिच्याकडून सुताची एक कांडी आणून त्यानं तिला हँडल बसवलं. हँडल फिरवलं की सूत गुंडाळलं जाई आणि डबा पहिल्या चढावर ओढला जाई. माथ्यावर सूत सुटे. मग डबा आपला आपण खर्रर्र करत खाली, दुसऱ्या चढावर, वळणावर आणि शेवटी तिसऱ्या चढावरून परत जागेवर. निदान कागदावर तरी तसं होतं.

"हे काय करूलालास रं?" मनूआक्कानं विचारलं.

रोलर कोस्टरला मराठीत काय म्हणतात हे परशरामला ठाऊक नव्हतं. कन्नडातही शब्द नव्हता, त्यामुळं भांडायची सोय नव्हती. तो म्हणाला, "पाळणा. जत्रत असतोय न्हाय, तसला."

त्यानं हँडल फिरवून दाखवलं. डबा मोकळाच खाली सुटला, तिसऱ्या चढावर अर्ध्यात अडला आणि मागं घरंगळला.

"पाळणा म्हणालास न्हवं? मग रिकामा हलवू नगंस. पोटुशी बाई हाय घरात."

"आक्का, नुसतं नाव पाळणा. ही चाकाची गाडी हाय."

"नाव तूच ठेवलंस."

रिकामा डबा तिसरा चढ चढत नसे, हे खरं होतं. पट्ट्यांच्या सांध्यांवर तो अडखळायचा आणि त्याचा जोर सरायचा. आत सुपारी ठेवली की मात्र वजनानं सांधे दाबत निमूट पलीकडं जायचा. परशरामनं हे पुन्हापुन्हा करून पाहिलं. सुपारी असली की पार, नसली की मागं. सुट्टीत का होईना, एक नियम सापडल्याचं त्याला बरं वाटलं.

एका दुपारी वीज गेली. आळीतले माग एकदम थांबले. खासबागेत माग थांबले की कान बधिर झाल्यासारखे होतात. परशरामनं सुपारी तोंडात टाकली आणि डबा रिकामाच सोडला.

डबा खाली आला. दुसरा चढ चढला. सांध्यांवर अजिबात न अडखळता तिसरा चढ चढला आणि जागेवर येऊन उभा राहिला.

परशरामनं डब्यात बोट घालून पाहिलं. डबा रिकामा होता. आसाला काल लावलेलं शिलाई मशिनचं तेल मुरलं असणार, असं म्हणून त्यानं तो पुन्हा सोडला. पुन्हा पार.

"अहो," आतून जया म्हणाली.

"काय?"

"थांबलंय."

ती छताकडं बघत होती. आवाजात काही नव्हतं. भाजीला मीठ कमी आहे, असं सांगावं तसं ती म्हणाली होती. परशराम खाटेजवळ जाऊन उभा राहिला. कितीतरी वेळानं वीज आली. माग खटाखट सुरू झाले. जयानं पोटावरचा हात थोडा खाली सरकवला.

"हललं," ती म्हणाली. "ते परत सोडू नका."

एकदा घडलं तर योगायोग, दोनदा घडलं तर निरीक्षण, असं परशराम पोरांना शिकवत आला होता. दुसऱ्या दिवशी जयाचा डोळा लागलाय असं बघून त्यानं डबा हळूच सोडला. रिकामा. तो तिसरा चढ अलगद ओलांडून आला. उतरताना जरा रेंगाळल्यासारखा वाटला.

जया जागी होती. तिनं नुसतं त्याच्याकडं तोंड केलं.

संध्याकाळपर्यंत पोट गप्प होतं. परशरामनं तिच्या पोटाला कान लावला, तेव्हा त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला. रिक्षा आणावी काय, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याच्यामागोमाग वांगी आली.

मनूआक्का परसात गेली आणि लिंबाएवढा एक गोटा धुऊन घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीत तिनं तो गुंडाळला, वरून चिंधीची टोकं डोक्यावर घेतल्यासारखी दुमडली आणि डब्यात बसवला.

"आक्का, हे काय?"

"बारशाला पयला वरवंटा घालत्यात न्हाय पाळण्यात? जागा धरायला. कुणी भायरचं येऊन बसू नये म्हणून." मग खात्री नसल्यासारखी म्हणाली, "आमच्यात तरी तसंच म्हणत्यात बाबा. पुढचं मला न्हाय ठावं."

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं हे होतं. परशरामला शास्त्र पटलं नाही, पण उपमा पटली. त्यानं हँडल फिरवलं. डबा वर गेला, सुटला, खर्रर्र करत तिन्ही चढ ओलांडून आला.

"लाथ मारली," आतून जया म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "सोडा की अजून एकदा."

त्यानंतर बी.एस्सी., बी.एड. माणूस रोज सोप्यात बसून गोटा फिरवू लागला. तो फिरला की पोटातलं हलायचं, थांबला की आत सामसूम. शाळा सुरू झाली तेव्हा तो मधल्या सुट्टीत सायकल मारत घरी येई. मुख्याध्यापकांना वाटलं, बायकोवर जीव आहे. त्यानं ते खोडून काढलं नाही. तो शाळेत असताना हँडल मनूआक्का फिरवी, तोंडानं विठ्ठल विठ्ठल म्हणत.

दिवस भरले आणि मुलगी झाली.

ती रडली नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, काही मुलं शांत असतात. वजन चांगलं होतं. छातीला लावलं की तोंड उघडायची, काढलं की मिटायची. परशरामनं मष्णूला तार केली आणि पेढे वाटले. आनंद व्हायला हवा होता. तो होईल म्हणून त्यानं काही दिवस वाट पाहिली.

बारशाला मालुबाईनं पोरीला उचललं आणि खाली वाकलीच. "आई गं! लई भारी हाय की! काय खायला घातलंसा जयाला?"

बायका हसल्या. वरवंटा पाळण्यात घातला, काढला, पोरीला ठेवलं. कानात नाव सांगितलं तेव्हा तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. पाळण्याच्या साखळ्या ताठ झाल्या.

मनूआक्का गावी गेली.

एका रविवारी परशरामनं रिकामं खोकं माळ्यावरून काढलं. आता सोप्यातले रूळ मोडून ठोकळे भरून ठेवायला हरकत नव्हती. पोरगी पाळण्यात होती. जया परसात धुणं वाळत घालत होती.

त्यानं आधी डब्यातला गोटा उचलला.

चिंधी ओली होती.

कौलं गळत नव्हती. डबा कोरडा होता, त्याच्या तळाशी तेवढा एक ओला डाग होता. त्यानं हात नाकाशी नेला. दुधाचा वास आला, आणि दुसराही, लहान मूल असलेल्या घराला येतो तो.

गोटा कोमट होता.

जया दारात येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं, मग खोक्याकडं.

"आणा इकडं," ती म्हणाली.

तिनं चिंधी सोडली, तिची घडी घालून काखेत धरली, कमरेला खोचलेली दुसरी कोरडी चिंधी काढली आणि गोट्याला गुंडाळली. टोकं दुमडली. एका हातानं मागं आधार देऊन गोटा डब्यात बसवला.

"मगाशीच तर बदललं हुतं," ती म्हणाली आणि परसात गेली.

परशरामनं हँडल धरलं. उघड्या दारातून परसातली दोरी दिसत होती. दोरीवर दुपटी वाळत होती, आणि त्यांच्या पुढं, ओळीनं, वीतभर चिंध्या.